तालमीत आधी हसणारा माणूस

देशाच्या तिजोरीवर दरोडा पडल्याची खबर माझ्या पोलिसातल्या नोकरीत एकदाच आली, आणि ती मी अजून विसरलेलो नाही. दरोडेखोर आंधळगावच्या बाजूच्या एका गावात, नाटकाच्या तालमीत बसून हसत होता.

खबर निनावी अर्जाने आली. तोफखान्यातून निवृत्त झालेला गावातला फौजी बहिरेपणाचं अपंगत्व निवृत्तिवेतन घेतो, पण मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेच्या, नाटकाच्या तालमीत प्रत्येक विनोदाला हसतो, असा आरोप होता. खरं निघालं तर निवृत्तिवेतन थांबणार, वर फसवणुकीचा गुन्हा. अर्जात 'राष्ट्र' हा शब्द जागोजागी होता.

फौजींना बायकोसह ठाण्यात बोलावलं. माझ्या शिपायाने त्यांच्या पाठीमागे स्टीलचं ताट आपटलं. ठाणे अंमलदार दचकला, फौजी भिंतीकडे पाहत राहिले.

"फौजी हाय साहेब, सराव असन," शिपाई म्हणाला.

मी समोर बसून हसण्याबद्दल विचारलं. "समोरच्याचं तोंड पाहून समजते मले," फौजी मोठ्याने म्हणाले. "तोफेनं कान नेले. आता गावानं चोर म्हनाचं, थेच बाकी होतं."

बायकोने भर घातली, "घरात मी बोलतो त समजत नाही, अन् नाटकात हासते म्हनते. मलेच डाउट येते जी."

संध्याकाळी साध्या कपड्यात तालमीला गेलो. आमच्याकडे नट पाठांतराच्या भानगडीत फारसे पडत नाहीत. प्रॉम्प्टर वहीतून वाक्य मोठ्याने वाचतो, नट ते मागून म्हणतो. नट फौजींकडे पाठ फिरवून उभा असला तरी ते हसत होते, आणि तेही नटाने तोंड उघडण्याआधी. त्यांची नजर नटाकडे नव्हतीच, प्रॉम्प्टरच्या ओठांवर होती.

मी प्रॉम्प्टरला वही तोंडासमोर धरून तेवढ्याच आवाजात वाचायला लावलं. हसू बंद झालं. फौजींनी मान लांबवून वहीच्या या बाजूने पाहिलं, त्या बाजूने पाहिलं, आणि शेवटी ओरडले, "वही खाली घे ना बे!"

अर्ज खोटा असल्याचं मी तिथेच जाहीर केलं. त्यावर विनोदी भूमिका करणारा नट उसळला.

"म्हंजे हा रोज इथंच बसन का? मी बोलाच्या आधी हासून देते साहेब! मंग माह्यावर कोन हासन?"

अर्जदार शोधावा लागला नाही. अहवाल गेला, निवृत्तिवेतन चालू राहिलं. त्यानंतर अर्जात 'राष्ट्र' दिसलं की अर्जदाराचं स्वतःचं काय दुखतंय, हे मी आधी पाहत असे.

नाटक मंडईत झालं. त्या नटाच्या विनोदांना एकच माणूस हसला, तोही आधी.