अक्काला हवा होता जाड पडदा

“मावशी, आई गेली... झोपेतच,” श्रीनिवासचा फोन आला तेव्हा मी बार्शीला शाळेत पेपर तपासत होते. अक्का माझी थोरली बहीण. दीड महिना झाला, पण मला तिच्या मरणापेक्षा तिचा कानच जास्त आठवतो. हसा खुशाल.

तिचं सासर सोलापुरात, टॉवेल विणणाऱ्या घरात. खाली यंत्रमाग, वर संसार. डावा कान त्या खडखडाटानं आधीच गेलेला. मग उजव्याच्या पडद्याला भोक पडलं आणि बाईला चक्क सुख लागलं! खालचा कल्लोळ निम्म्यावर आला. पण कान वाहायला लागला, तेव्हा भाऊजी तिला सात रस्ता चौकातल्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सोबत मी होतेच. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन टाळलं तर जंतू आत हाडापर्यंत जातील. पडदा दोन तऱ्हांनी शिवता येतो. एक तर कानावरच्या स्नायूचा पातळ पापुद्रा काढून भोकावर बसवायचा. नाहीतर कानाच्याच कूर्चेची, म्हणजे मऊ हाडाची, चकती लावायची. ती जाड, सहसा फाटत नाही.

“जाड लावलं तर ऐकू कमी येतं का हो?” अक्कानं विचारलं.

“घाबरू नका, फरक कळणारसुद्धा नाही.”

तिचा चेहराच पडला. भाऊजींना वाटलं, बिचारी भ्याली. “पातळच लावा डॉक्टर, हिला सगळं नीट ऐकू यायला पाहिजे की!”

जिन्यात तिनं माझा दंड धरला. “मला जाडच पाहिजे. लई जाड. त्या भोकानं मला झोप दिलीय गं...”

“मग सांग की भाऊजींना!”

“काय सांगू? तुमच्या मागाचा आवाज नको म्हणून? त्यावरच पोरं शिकली.”

कपाळ माझं! टिकाऊ म्हणून शेवटी डॉक्टरांनी कूर्चाच लावली, आणि मेली बसली पण इतकी झकास, की मागाचा खडखडाट पुन्हा पुरता ऐकू यायला लागला! डॉक्टर खूश, भाऊजींनी पेढे वाटले, जो तो तिच्या कानाशी ओरडून विचारी, “येतंय ना ऐकू?” अक्का हसून मान डोलवायची. मला फोनवर म्हणाली, “फसले की गं मी.” कापसाचा बोळा घातला तर सून मायेनं काढून टाकायची, “आई, कान पुन्हा बिघडेल हां!” मला संताप यायचा, पण करणार कुणावर? सगळी माणसं चांगलीच होती. अशीच वर्षं गेली.

मी पोचले तेव्हा तिला वरच्या खोलीत निजवलं होतं. आमच्यात घरात मयत झालं की माग बंद ठेवतात. खालून चकार आवाज नव्हता... गल्लीतल्या भाजीवाल्याची हाकसुद्धा स्वच्छ ऐकू येत होती. मी अक्काच्या उजव्या कानावरचे केस मागे सारले आणि ढसाढसा रडले.