पाण्याच्या दिवशी ठेवलेली सभा

आमच्या कॉलनीत नळाला रोज पाणी येत नाही. पाळीनं येतं. पाळीचा दिवस ठाऊक असतो, वेळ मात्र नक्की नसते. पाण्याच्या आधी नळातून हवा येते. आधी बारीक सुसकारा, मग घशात काही अडकल्यासारखं खाकरणं, आणि मग कुठं गढूळ धार. तो सुसकारा आमच्या घरात सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा माझ्या थोरल्या भावाला.

दादांची नजर साखरेनं गेली. आधी बसवरच्या पाट्या दिसेनाशा झाल्या, मग माणसांचे चेहरे, शेवटी उजेड. तेव्हापासून पाण्याच्या दिवशी हौदाशेजारी खुर्ची टाकून बसायचं काम त्यांनी आपणहून घेतलं. हवा आली की आतल्या बाजूला हाक द्यायची, "आलं, मोटार लावा!" या घरात आपला काही उपयोग आहे असं त्यांना वाटावं, याला तेवढं एकच काम उरलं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं मी जे केलं ते त्या खुर्चीच्या आधारानं केलं.

मला शिकवलं दादांनी. आम्ही बजाजनगरात एका खोलीत राहायचो तेव्हा ते कंपनीतून रात्रपाळी करून यायचे आणि माझं कॉलेज बुडू नये म्हणून भाकरी स्वतः थापायचे. या कॉलनीतला प्लॉट त्यांनीच घेतला. घर मी बांधलं, नोकरी लागल्यावर. वहिनी लवकर गेल्या, मूलबाळ नव्हतं. दादा आमच्यातच राहिले.

घरासमोर मोकळं मैदान होतं. लेआउटच्या कागदावर ती खुली जागा; आम्ही सगळे ओपन स्पेस म्हणायचो. त्याच्या पलीकडं मोहल्ला सुरू व्हायचा. मैदानातून एक तिरपी पायवाट गेली होती, ती थेट एका टेलरच्या ओट्यापाशी संपायची. दादा त्याला मास्तर म्हणायचे, तो दादांना बडेभाई. दादांची नजर चांगली होती तेव्हापासूनची ही बैठक. नजर गेल्यावरही दादा रोज संध्याकाळी एकटे जायचे. हातात काठीसुद्धा नाही.

"वाट सुटली की पायाला गवत लागतं," ते म्हणायचे. "मग मी परत वाटेवर येतो. त्यात काय?"

तिकडून हसण्याचा आवाज यायचा. मास्तरचा एक ठरलेला विनोद होता. मला गच्चीवरून तो ऐकू यायचा: "आओ बडेभाई, तुमकू दुनिया नैं दिखती, मेरेकू सुई नैं दिखती. दोनों मिलके एक शेरवानी सीते!" आणि मग दादा हसायचे. मोठ्यानं, मान मागं टाकून. घरात मात्र व्हय, नाय, बरं. मी ऑफिसातून आलो की त्यांच्यापाशी बसायचो, काहीतरी विचारायचो. "बरं हाय," एवढंच उत्तर. ज्या माणसानं माझ्यासाठी भाकरी थापल्या तो माझ्यापाशी कधी हसला नाही, आणि मैदानापलीकडं रोज हसतो. हे मला खुपायचं. आज हे लिहिताना लाज वाटते, पण खुपायचं.

त्याच सुमारास महापालिकेनं त्या मैदानाचं उद्यान करायचं ठरवलं. भिंत, चालायला ट्रॅक, बाकडी. आमच्या पुढच्या रांगेतल्या लोकांना उद्यान हवंच होतं, त्याहून जास्त हवी होती ती भिंत. मोहल्ल्याच्या बाजूला दार नको, असं सगळ्यांचं मत. मी कॉलनीचा सचिव. बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी मला रोज गाठायचे.

"सचिव, वेळी-अवेळी कोण येतं, कोण जातं, काही पत्ता लागतो का? तुमचं घर पहिलं आहे. कुणी शिरायचं म्हटलं तर आधी तुमच्यात शिरणार!"

मी हसायचो. नाही म्हणालो नाही.

आराखडा पक्का करण्याआधी दोन्ही बाजूंच्या रहिवाशांची सभा घ्यायची, हरकती-सूचना ऐकायच्या, असं महापालिकेचं पत्र होतं. इंजिनिअर साहेबांचा फोन आला. "सचिव साहेब, तुमच्या लोकांना सोयीचा दिवस सांगा. सकाळीच उरकू."

मी पाण्याचा दिवस सांगितला.

चुकून नाही. आमची आणि मोहल्ल्याची लाईन एकच, पाळी एकच. फरक एवढाच की आमच्या रांगेत हौद आणि मोटारी होत्या. बटण दाबलं की माणूस मोकळा. तिकडं हंडे, ड्रम, पाईप. पाण्याच्या दिवशी मोहल्ल्यातलं माणूस नळ सोडून स्वतःच्या लग्नालाही गेलं नसतं. साहेबांना हे ठाऊक असायचं कारण नव्हतं. मला होतं. वर सभेची जागा मी मारुतीच्या मंदिरापुढची शेड सांगितली.

दादांनी सभेचं ऐकलं होतं. त्या दिवशी सकाळी ते मास्तरनं शिवलेला पांढरा सदरा घालून तयार बसले.

"मी येतो तुझ्याबरोबर. मास्तरला कबूल केलंय, दाराचं मी बोलतो म्हणून."

"दादा, आज पाणी यायचंय," मी म्हणालो. "ही शाळेत शिकवायला गेली. नळापाशी कोण बसणार?"

त्यांनी मग हातानं चाचपत खुर्ची हौदाकडं वळवली.

"तुमच्या वतीनं मी बोलतो ना," मी म्हणालो.

"बोल. पण नीट बोल. एक दार मागायचं. बारकं असलं तरी चालंल. माणूस जाईल एवढं."

सभेला आमच्या रांगेतली माणसं होती. मोहल्ल्यातून एकच माणूस आला, मास्तर. सुनेला नळावर उभं करून आला असणार. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजला होता. चपला बाहेर काढून तो शेडच्या पायरीवर बसला, आत आला नाही. साहेबांनी नकाशा दाखवला आणि विचारलं, कुणाची हरकत? मास्तर उठला.

"साब, एक रस्ता है उधर से. बडेभाई आनेवाले हैं, उनोंच बोलते. उनों अच्छा बोलते. थोडा रुको ना."

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. बँकवाले शेजारी गालात हसत होते.

मी म्हणालो, "दादा येणार नाहीत. त्यांचं काही म्हणणं नाही."

मास्तरनं एकदाच विचारलं, "कुछ नैं बोले?"

"नाही."

"अच्छा," तो म्हणाला. मग चपला घालून निघून गेला. साहेबांनी कागदावर लिहून घेतलं, हरकत नाही.

घरी आलो तेव्हा दादा तिथंच होते. हौद भरला होता. हाकेला घरात कुणीच नव्हतं, म्हणून भिंत चाचपत जाऊन मोटार त्यांनीच लावली होती. सदरा ओला.

"बोललास?"

"बोललो. बघू म्हणाले."

"मास्तर आला होता?"

"दिसला नाही."

तीन वाक्यं आणि तिन्ही खोटी. मला तेव्हा घाम फुटला होता, आणि दादांना तो दिसणार नाही याचं बरंही वाटलं होतं.

भिंत झाली. उद्यानाचं फाटक फक्त आमच्या बाजूला. मोहल्ल्यात जायचं तर मोठ्या रस्त्यानं वळसा, ट्रकच्या गर्दीतून. आंधळ्या माणसाला एकट्यानं ते जमणारं नव्हतं. दार पुढं होईल, असं मी दादांना सांगत राहिलो; तोवर मास्तर वळसा घालून येईल, असं त्यांना वाटलं होतं. तो आला नाही. दादा संध्याकाळी सदरा घालून दारात बसायचे, अंधार पडला की उठायचे. अंधार त्यांना कळायचा कसा, कोण जाणे. मी म्हणायचो, "म्हातारा माणूस, गुडघे दुखत असतील."

शेवटी एका रविवारी मी त्यांना मोटारसायकलवर घेऊन गेलो. मास्तर मशीनवर होता. उठला, स्टूल पुसून पुढं केलं.

"बैठिए साहब."

दादा हसले. "साहब कुणाला म्हणतोस रे?"

"आप कॉलनीवाले हैं, साहब."

चहा आला. दादांनी सुईचा विनोद स्वतःच काढून पाहिला. मास्तर म्हणाला, "हौ, हौ," आणि मशीन चालवत राहिला. मी तिथंच उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर झालं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. मी चहाचे रिकामे कप उचलून आत देऊन आलो.

परतताना दादा मागून माझ्या कानाशी म्हणाले, "मास्तरचं काहीतरी बिघडलंय माझ्यावर. मी काय केलं?"

"तब्येत बरी नसेल," मी म्हणालो.

पुन्हा कधी घेऊन चल, असं ते म्हणाले नाहीत.

मास्तर गेला तोही पाण्याचाच दिवस होता. मशिदीच्या भोंग्यावरून इंतकालची खबर आली. मी आत दाढी करत होतो, मला नीट ऐकूही आली नाही. बाहेर आलो तर खुर्ची रिकामी, नळ मोकळा वाहतोय, मोटार बंद. दादा उद्यानात शिरले होते. फाटकातून पुढं, जुन्या सवयीनं तिरपे चालत, फुलझाडं तुडवत ते भिंतीपाशी पोचले होते. दोन्ही तळवे भिंतीला लावून सरकत होते. थोडं डावीकडं, मग उजवीकडं.

माझ्या पावलांचा आवाज ओळखून त्यांनी विचारलं, "दार कुठं केलंय रे? तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

मी त्यांना गाडीवर बसवून वळसा घातला. आम्ही पोचेपर्यंत जनाजा निघून गेला होता. मास्तरच्या मुलानं दादांना खुर्ची दिली, पाणी दिलं. दादांनी हात लांब करून शिलाई मशीन शोधलं, त्याच्या चाकावर हात ठेवला आणि बराच वेळ बसले.

पुढं उद्यानातल्या दिव्यांसाठी आणि खेळण्यांसाठी पुन्हा सभा घ्यायची ठरली. या वेळी मी पाणी नसलेला दिवस सांगितला, सभा उद्यानातच ठेवली, आणि मोहल्ल्यात घरोघरी जाऊन निरोप दिला. माणसं आली. बायकाही आल्या. मी उठून मोहल्ल्याच्या बाजूला दार मागितलं.

"सचिव, हे आता कुठून सुचलं?" बँकवाले ओरडले. "भिंत मागताना तर तुम्हीच पुढं होतात!"

"होतो," मी म्हणालो. खूप वादावादी झाली. पण दार मंजूर झालं. बारकं, लोखंडी.

ते बसलं त्या संध्याकाळी मी दादांना हाताला धरून तिथं नेलं. त्यांनी चौकट चाचपली. खांद्यानं रुंदी मोजली. कडी उघडून पाहिली, पुन्हा लावली.

"माणूस जाईल एवढं हाय," म्हणाले. "बरं केलंस."

ते बरं केलंस मला सोसलं नाही. मग मी सगळं सांगितलं. दिवस मीच ठरवला होता. मास्तर आला होता, ओल्या पायजम्यानं पायरीवर बसून तुमची वाट बघत होता. आणि तुमचं काही म्हणणं नाही असं मीच बोललो, सगळ्यांसमोर.

दादा कडीवर हात ठेवून उभे राहिले. पलीकडं मोहल्ल्यात कुणाची तरी पोरं खेळत होती. तिकडच्या आवाजाकडं त्यांचं तोंड होतं, माझ्याकडं नव्हतं.

"हे मास्तरला सांगायला पाहिजे होतंस," ते म्हणाले.

दारातून ते पलीकडं गेले नाहीत. घराकडं वळले. पण आता खाली सगळीकडं सारखेच सिमेंटचे ठोकळे होते, पायाला ना वाट लागत होती ना गवत. दोन पावलं टाकून ते थांबले. जरा वेळानं त्यांनी हात पुढं केला आणि माझा दंड धरला. दुसरा काही इलाजच नव्हता त्यांना. घर येईपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.