दुसऱ्याच्या हातचं पत्र

"मास्तर, हात धुवन इलंय हां!"

पाटी पायरीवर ठेवून, ओले हात पुढे करून दाखवल्याशिवाय ती मासेवाली मावशी माझ्या इंटरनेटच्या दुकानात कधी शिरली नाही. मालवणात नवी मशीनं घेऊन बसलेला मी, आणि साठी ओलांडलेली माझी ही पहिली विद्यार्थिनी. सोमवारी मासळीला गिऱ्हाईक कमी, म्हणून तिचा वार सोमवार.

तिच्या एकुलत्या एका मुलीनं आईच्या मनाविरुद्ध लग्न केलं आणि ती पुण्याला गेली. तीन वर्षं अबोला. मावशीनं शेजारच्या गुरुजींकडून पत्रं लिहून घेतली, ती सगळी 'अनेक उत्तम आशीर्वाद' थाटाची. एकाचंही उत्तर आलं नाही.

"दुसऱ्याच्या हातान लिवलेला चेडवाक पावना नाय," ती लेकीबद्दल म्हणाली. "माका शिकव."

"मावशी, फोन करा की!"

"फोनवर रडाक येता रे. मगे बोलूचा रवता."

शाळा चौथीपर्यंत; वाचता येई, पण पेन धरायची सवय पार सुटलेली. मी कळांवर मराठी अक्षरांच्या चिठ्ठ्या डकवल्या. पण मासा अंगठ्यानं दाबून बघण्यात जन्म गेलेला. कळ दाबली की सोडायचीच नाही, स्क्रीनभर क क क क! "ताजो आसा काय बघतंय," म्हणून स्वतःच हसायची. महिन्याभरात मात्र बाई तयार झाली. माझ्याकडचे कॉलेजकुमार तेवढ्या दिवसांत पत्ते खेळायला शिकले होते.

मुलीच्या मैत्रिणीकडून मी तिचा मेलचा पत्ता मिळवला. मावशी लिहायला बसली की पहिला हुकूम सुटे, "आता तू भायर जा." माझ्याच दुकानातून मी मुकाट्यानं बाहेर. गंमत अशी, की खाजगी म्हणून मला हाकलायची आणि लिहिताना प्रत्येक शब्द असा खणखणीत म्हणायची, की शेजारचा शिंपीही मशीन थांबवून ऐके. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

चार सोमवार गेले. पाचव्याला उत्तर आलं. तिनं ते अक्षर अक्षर लावून वाचलं, "येऊ तर दोघं येऊ. त्याला उंबऱ्याबाहेर ठेवणार असशील, तर मीही येणार नाही."

मान खाली घालणं या बाईला ठाऊक नव्हतं. शेवटी न राहवून मी आत डोकावलो.

"काय करायचं, मावशी?"

"तीन वर्सांतली भवानी ही," ती म्हणाली. "भवानीचा गिऱ्हाईक परत धाडतत काय?"

दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक कुठलीच मासेवाली रिकाम्या हातानं परत पाठवत नाही, पदरमोड झाली तरी. तिनं एक एक कळ दाबली: दोघांय येवा.

दोघं आली. जावयाला तिनं स्वतः वाढलं. पुढे चार वर्षं पत्रं चालू राहिली. त्यांत काय असायचं, ते मला आणि शिंप्याला पाठ आहे. सांगणार नाही.

मग एका सोमवारी ती आली नाही. दुपारी निरोप आला. झोपेतच गेली.

मावशीनं कधी फोन केलाच नाही, म्हणून लेकीचा नंबर वाडीत कुणाकडेच नव्हता. कळवायचं मलाच होतं. तिच्या खुर्चीत बसलो. चार ओळींना अर्धा तास लागला. 'पाठवा'वर बाण नेला, आणि मास्तर म्हणवणाऱ्या माझं बोट काही केल्या खाली जाईना.