टोमॅटोचा आकडा सगळ्यांना एकदमच

एर्मेलिंदा ओसुनाचं अख्खं तारुण्य पराग्वेच्या राजधानीत, असुन्सिओनच्या शेती-आकडेवारीच्या कार्यालयात गेलं. आकडे छापून बाहेर पाठवणं हे तिचं काम. ते कोणी वाचतं की नाही, हे तिला कधी नीटसं कळलं नाही. पिकांचं वार्षिक पुस्तक निघायचं ते वर्ष सरून पुढचंही निम्मं उलटल्यावर, म्हणजे वरातीमागून घोडं. पुढे पुढे ते इंटरनेटवर चढायला लागलं, पण छापील पानांचे फोटो काढून. त्यातला एखादा आकडा हवा असला तर डोळे फोडून हाताने उतरवून घ्यायचा. विद्यापीठातली पोरं फोन करून वैतागायची. "बरोबर आहे तुमचं," एवढंच ती म्हणायची आणि पंख्याखाली जाऊन बसायची.

टोमॅटोचा दर महिन्याचा अंदाज मात्र निराळा. देशात टोमॅटो कमी आहे असं त्यातून दिसलं, की अर्जेंटिनाचा माल आणायला परवाने सुटायचे. हा आकडा कार्यालयाच्या बोळातल्या फळ्यावर लागायचा. आणि त्याच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन वाजायचा. पलीकडे माल आयात करणारे त्यांचे जुने स्नेही.

"काय म्हणतोय टोमॅटो?"

साहेब हसत हसत सांगून टाकायचे, एर्मेलिंदाच्या देखत. तिला ते खटकत नव्हतं असं नाही. पण घरी अंथरुणाला खिळलेली आई होती, बाहेर अंग भाजणारं ऊन होतं, आणि हे असंच चालत आलं होतं.

मग एका सकाळी काआग्वासूहून बस पकडून टोमॅटो पिकवणाऱ्या बायका थेट कार्यालयात आल्या. पुढे होती सिन्फोरियाना गाउतो. थोराड हाडाची, आवाज शेताच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारा.

"आकडे छापता ते तुम्हीच का?"

"मीच."

"मग सांगा बाई, आम्ही ते बघायचे कुठं?"

एर्मेलिंदाने तिला बोळात नेऊन फळा दाखवला. सिन्फोरियाना त्याच्याकडे बघतच राहिली.

"परवाने सुटले ते आम्हाला कधी कळलं ठाऊक आहे? समोरून ट्रक गेले तेव्हा. आमचा माल वेलावरच सडला. आणि आकडा इथं, या बोळात?" मग मागे वळून ती ग्वारानीत, आपल्या गावाकडच्या भाषेत म्हणाली, "यांच्यापेक्षा आपला कोंबडा बरा गं. निदान आरवतो तो सगळ्या गावाला एकदम ऐकू येतं."

बायका खो खो हसल्या. एर्मेलिंदाची आई ग्वारानीखेरीज काही बोलत नसे, तेव्हा तिला शब्दन् शब्द कळला.

दुपारी ती साहेबांकडे गेली. "महिन्याचा शेवटचा गुरुवार, सकाळी दहा. वर्षभराच्या तारखा आधीच जाहीर करू. इंटरनेटवर, मोबाइलवर, रेडिओवर, सगळीकडे एकाच वेळी. त्याआधी कोणालाच नाही."

"कोणालाच?"

"मंत्र्यांनाही नाही."

साहेबांनी तेरेरेचा, पाल्याच्या थंडगार चहाचा पेला भरून तिच्यापुढे केला. माणूस वाईट नव्हता. "ओसुनाबाई, पेन्शन जवळ आली तुमची. कशाला डोक्याला ताप करून घेता?"

प्रस्ताव खालच्या टेबलावरून वरच्या टेबलावर गेला आणि तिथून परत खाली आला. साहेब बदलले. नवे आले, ते "बघू" म्हणाले आणि तेही बदलले. तोवर एर्मेलिंदाची आई गेली. प्रस्तावाबद्दल विचारायचाही तिला कंटाळा यायला लागला होता. तिसऱ्या आल्या त्या बाईसाहेब. आयातवाल्यांच्या फोनांनी त्यांना जेवू दिलं नाही, एवढ्याच एका कारणाने त्यांनी सही करून टाकली.

सुरुवातीचे गुरुवार कोणाच्या लक्षातही आले नाहीत. पुढे काआग्वासूच्या रेडिओवरचा विर्हिलिओ आकडा ग्वारानीत सांगू लागला, तेव्हा कुठे लोक कान देऊ लागले. लोक कान देऊ लागले आणि तेव्हाच चूक झाली. एका विभागाची लागवड बेरजेत दोनदा धरली गेली. टोमॅटो भरपूर आहे असा आकडा गेला आणि व्यापाऱ्यांनी लगेच भाव पाडला.

"इंटरनेटवर गुपचूप बदलून टाका," बाईसाहेब म्हणाल्या. "कोणाला कळतंय?"

एर्मेलिंदा म्हणाली, "आज हे कळणार नाही. पण उद्या कळलं, की मग कुठलाच आकडा खरा वाटणार नाही कोणाला." तिने विर्हिलिओला फोन लावला आणि रेडिओवर स्वतःच्या तोंडाने सांगितलं, "आकडा चुकला. तपासायचं काम माझं होतं. खरा आकडा हा असा आहे."

त्या दिवशी फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. तिने खाल्लेल्या शिव्यांत सिन्फोरियानाच्याही होत्या.

"त्या आकड्यापायी मी मातीमोलाने माल दिला. आता तुमची माफी भाजून खाऊ का?"

"नका खाऊ," एर्मेलिंदा म्हणाली.

"पुढच्या वेळी तरी बरोबर असणार का?"

"तशी हमी नाही देता येणार. पण आकडा किती इकडेतिकडे होऊ शकतो, ते सोबत सांगू."

"बरं. ते तरी सांगा," सिन्फोरियाना म्हणाली आणि तिने फोन आपटला.

तेव्हापासून आकड्यासोबत त्याची खालची आणि वरची मर्यादाही जाऊ लागली. विर्हिलिओ ते कसं सांगायचा देव जाणे, पण लोकांना कळायचं. तक्रारी काही थांबल्या नाहीत, उलट वाढल्याच. आमच्या वाडीत असं नाही, माणूस पाठवा, मोजा. कधी खरंच माणूस जायचा आणि कधी कधी वाडीवाल्यांचंच खरं निघायचं.

पेन्शनचा दिवस आला. सहकाऱ्यांनी चिपा, म्हणजे चीजचे गरम पाव आणले, दोन शब्द बोलले. मग बाईसाहेबांनी तिला बाजूला घेतलं. "त्या तक्रारींच्या फोनवर बसायला कोणी तयार होत नाही हो. थोडे महिने थांबता?"

तिचे पाय सुजले होते. नाही म्हणायचं तिने सकाळीच ठरवलं होतं.

"थांबते," ती म्हणाली, आणि थांब्यापर्यंत स्वतःवरच चिडत चालत गेली. बस उशिरा आली. बसायला जागा नव्हती.