बियाण्याचा पट्टा

हुरड्याची ज्वारी वेगळी आणि भाकरीची वेगळी, हे पाहुण्यांना सांगून सांगून माझं तोंड दुखलं आहे. हुरड्याचं कणीस मोकळं असतं, दाणा गोड असतो आणि भाजल्यावर तळहातावर चोळलं की लगेच सुटतो. आमची जात सासऱ्यांच्या आईनं माहेरून, अक्कलकोटच्या बाजूनं आणलेली. तिचं कानडी नाव होतं, ते आता कुणालाच आठवत नाही. बाजारात हे बी मिळत नाही. म्हणून विहिरीजवळचा एक पट्टा दरवर्षी बियाण्याला राखायचा आणि त्यातलं एकही कणीस भाजायचं नाही, अशी घरची रीत. सासऱ्यांना आम्ही सगळे अप्पा म्हणतो. तो पट्टा पिकून वाळेपर्यंत अप्पांच्या ताब्यात असतो.

शेत होटगीच्या पलीकडे आहे. माझ्या नवऱ्याचं शहरात सात रस्ता चौकाजवळ पंप दुरुस्तीचं दुकान होतं. तिथली चार गिऱ्हाइकं एका थंडीत हुरडा खायला आली. आम्ही खड्डा खणला, शेणी पेटवल्या, आगटीभोवती पोती अंथरली. पुढच्या वर्षी त्या गिऱ्हाइकांनी आपापले पाहुणे आणले. मग लोक म्हणाले, आम्ही फुकट येणार नाही. मग पत्र्याची शेड झाली, झोपाळे झाले, बैलगाडीची फेरी झाली, पोरांना डुंबायला हौद झाला. गाड्या उभ्या करायला एक अख्खं वावर मुरूम टाकून दाबलं. दुकान बंद झालं. मला त्यात काही वाईट वाटलं नाही. शेतावर पक्के संडास आले ते पाहुण्यांमुळेच. शेंगाचटणी आणि भाकऱ्या माझ्याकडे, फोनही माझ्याकडे. ज्वारीला मात्र दोन तुकडे आणि तो पट्टा एवढंच राहिलं.

चूक झाली ती पाखरांच्या बाबतीत. थंडीत आमच्याकडे भोरड्या येतात. संध्याकाळी त्यांचे थवे आभाळात वळतात तेव्हा बघत राहावं असं वाटतं. अप्पा पिकातल्या उंच माळ्यावर उभे राहून गोफणीनं त्यांना हाकलायचे. एकदा कॅमेरेवाले पाहुणे आले, त्यांनी विचारलं, इतक्या सुंदर पाखरांना हाकलता कशाला? नवऱ्यानं ते मनावर घेतलं. रस्त्यावरच्या फलकावर हुरड्याशेजारी थव्याचं चित्र आलं आणि गोफण बंद झाली. अप्पा एवढंच म्हणाले होते, की जो खातो त्यालाच आवतण दिलंस. आम्ही हसलो. दोन वर्षं निभावलं, कारण आजूबाजूला सगळीकडे ज्वारी होती आणि पाखरं विभागली जात होती. यंदा शेजाऱ्यांनी कुणी ऊस लावला, कुणी कांदा. शिवारात ज्वारी फक्त आमची, आणि हाकलणारं कुणी नाही.

दोन्ही तुकडे बघता बघता संपले. कणसांचे खराटे झाले. मी, नवरा, कामाच्या बायका, सगळ्यांनी डबे बडवले. थवा उठायचा, वळायचा आणि पुन्हा तिथंच बसायचा. अप्पांनी फक्त बियाण्याचा पट्टा वाचवला, माझ्या जुन्या साड्या त्यावर पांघरून. आणि त्या पट्ट्याशिवाय आमच्याकडे बी नव्हतं. पाऊस लांबल्यामुळे दुबार पेरावं लागलं होतं, शिल्लक होतं ते त्यातच गेलं.

रविवारी शहरातून एक बस यायची होती. मी म्हटलं, रद्द करू. नवरा म्हणाला, बाहेरून कणसं आणतो. आणलीही. आदल्या दिवशीची कापलेली, दाणा पार निबर झालेला. भाजून बघितली तर चोळून सुटेनात. तोवर बस फाटकात आली होती आणि नवरा विळा घेऊन विहिरीकडे निघाला होता. अप्पा आडवे उभे राहिले.

"अप्पा, आजचा दिवस निभवू द्या. बी काय, कुटंबी मिळंल."

"कुटं मिळंल? गावाचं नाव सांग की."

नवऱ्यानं विळा खाली केला. तो परत फिरला.

मी शेडमध्ये जाऊन पाहुण्यांना सरळ सांगितलं, हुरडा पाखरांनी खाल्ला, भाकरी-पिठलं पोटभर आहे, दही आहे. माणसं वाईट नव्हती. एक जण म्हणाला, चला, पाखरांची पंगत आधी उठली म्हणायची. सगळे हसले. पण एक बाई हसली नाही. ती म्हणाली, "ताई, पोरांना हुरडा दाखवायलाच आणलंय हो. फलकावर तुम्हीच लिहिलंय." तिचं बरोबर होतं. आगटी पेटलेली होती, पोरं कडेनं बसली होती आणि विस्तवावर टाकायला काही नव्हतं.

मी मागे वळले तेव्हा अप्पा दारातून हे सगळं ऐकत होते. ते तिथूनच विहिरीकडे गेले. मी भाकऱ्यांचं बघून पट्ट्यावर पोचले, तोवर त्यांनी साड्या काढून बांधावर टाकल्या होत्या आणि धाटं कापायला घेतली होती.

"अप्पा, दाणा हिरवा हाय. आता कापलं तर उगवायचं न्हाय."

"ठावं हाय मला. पेटल्या आगटीवरनं माणूस उठवायचं न्हाय."

मी त्यांचा हात धरला नाही. विहिरीच्या कडेच्या शेवटच्या ओळीपुढे जाऊन उभी राहिले. ते कापत कापत माझ्यापर्यंत आले, थांबले आणि भारा बांधून निघून गेले.

इतका गोड हुरडा कधी खाल्ला नाही, असं त्या बाईनं मला आवर्जून सांगितलं. घरी न्यायला थोडा मिळेल का, असंही विचारलं. नवऱ्यानं त्या ओळीकडे बघितलं. मी त्याच्यादेखत नाही म्हणाले.

पुढचे सगळे रविवार मी फोन करून रद्द केले. नवरा माझ्याशी कामापुरतं बोलतो. शिवारात आता ज्वारीची ती एकच ओळ उभी आहे, त्यामुळे सगळे थवे तिच्यावरच. अप्पा आणि मी पाळीनं बसतो. काल दुपारी ओळीवर पांघरलेली साडी वाऱ्यानं उडाली. धावत पोचेपर्यंत अर्धी ओळ गेली होती. अप्पांनी उरलेल्यातला एक दाणा दाताखाली धरला आणि थुंकला. आत अजून दूध होतं.

आज सकाळपासून मी उशांचे अभ्रे उसवून पिशव्या शिवते आहे, एकेका कणसाला बांधायला. कापड जाड झालं तर दाणा आत कुजेल, पातळ झालं तर चोच आरपार जाईल. कुठलं घेऊ म्हणून अप्पांना विचारलं. ते म्हणाले, असं त्यांनी जन्मात केलेलं नाही.