कुंदाआत्याने वाचवलेलं कुंपण

जळमटातल्या कोळ्यांसाठी माझ्या आत्याने सख्ख्या भावाचा जेसीबी अडवला होता.

आणि ती जिंकली.

आज तिला जाऊन वर्ष झालं. रडकी पोस्ट तिला आवडली नसती, म्हणून जिंकल्याचीच गोष्ट सांगते.

कुंदाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची, मोठी बहीण. नाशिकच्या एका कॉलेजात तिने जन्मभर झूलॉजी शिकवलं. लग्न केलं नाही. शहरात फ्लॅटमध्ये एकटी राहायची आणि सुट्टी मिळाली की विंचूरजवळच्या आमच्या मळ्यात यायची.

लहानपणी वाटायचं, आम्हाला भेटायला येते. ती यायची कुंपणासाठी.

ओढ्याकडच्या बांधावर बोरी-बाभळींचं जुनं कुंपण. त्यावर कोळ्यांची राखाडी, मळकट, फुटबॉलएवढी घरटी. आम्ही त्यांना जळमटं म्हणायचो.

आत्या म्हणायची, "स्टेगोडायफस. नाव अवघड आहे, मंडळी साधी आहेत."

बहुतेक कोळी एकटे राहतात. शेजारी दुसरा आला तर त्यालाही खातात. हे मात्र शेकड्याने एकाच घरट्यात. राणी नाही, मुकादम नाही. आणि जवळजवळ सगळ्या माद्याच.

यांच्या जाळ्याला चिकट थेंब नसतात. कोळीण मागच्या पायाने धागा विंचरते, तो पिंजलेल्या कापसासारखा होतो आणि किड्याचे पाय त्यात गुंततात. मोठा टोळ अडकला की चार-पाच जणी धावत येतात, मिळून ओढतात, मिळून खातात.

हे सगळं आम्ही ऐकायचो आणि विसरायचो.

दोन वर्षांपूर्वी द्राक्षाचा सीझन संपला आणि नानांनी ठरवलं, कुंपण काढायचं, जमीन लेव्हल करायची, नव्या ओळी लावायच्या.

आत्याची तेव्हा केमो चालू होती. मी तिला फोनवर हे सहज बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डोक्याला स्कार्फ बांधून आत्या टॅक्सीने हजर. जेसीबी बांधावर आलेला. तिने ओट्यावरची प्लास्टिकची खुर्ची उचलली, कुंपणासमोर ठेवली आणि बसली.

नाना म्हणाले, "ताई, ऊन लय हाय. घरात चल."

"मी बरी आहे इथे."

"अगं, कोळीच हायेत ना. दुसरीकडं करतील जाळं."

"आत्ता नाही करता येणार. आत अंडी आहेत. आत्ता मोडलंस तर सगळं संपेल."

"पण मला त्यांचा फायदा काय?"

मला वाटलं, आता ती म्हणेल की हे कोळी बागेतली कीड खातात.

"माहीत नाही, भास्कर. ते मी कधी तपासलेलं नाही, खोटं कशाला सांगू? मला फक्त पिल्लं मोठी होईपर्यंत वेळ दे."

नानांनी जेसीबीवाल्याला हात केला. "जा रे परत."

आणि आत्याला म्हणाले, "पिल्लं निघेपर्यंत. मग मी ऐकणार नाय."

ती आमच्याकडेच राहिली. केमोला नाशिकला जायची, परत यायची. अंड्यांची पिशवी सांभाळणारी एक कोळीण तिने काचेच्या पेटीत ओट्यावर ठेवली होती.

तिला एकच गोष्ट बघायची होती. कॉलेजात दरवेळी हुकलेली. कधी लेक्चर असायचं, कधी रविवारी कॉलेज बंद.

अंडी फुटली. आई पिल्लांना तोंडातून पातळ अन्न भरवत राहिली. आणि एका दुपारी आत्याने हाक मारली, "या सगळे."

पिल्लं आईच्या अंगावर चढली होती.

आईलाच खात होती. आणि ती त्यांना झटकत नव्हती.

नाना चष्मा लावून पेटीपाशी वाकले. चहा गार झाला.

"पळत का नाय ती?"

"बाहेर घरट्याला सगळीकडून दारं असतात. तिथेही पळत नाही."

माझ्या आईने डोळ्याला पदर लावला. "ताई, बाईचं असंच असतं."

आत्या हसली. "मंगल, कोळिणीचं असतं. बाईने असं करायची काही गरज नाही. मला बघ. मला कुणी खाल्लं नाही, मजेत जगले."

आईसुद्धा हसायला लागली.

मग आत्या पेटीकडे बघत हळूच म्हणाली, "दिसलं बाई एकदाचं."

इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

संध्याकाळी नाना एकटेच बांधावर चक्कर मारून आले. अंगणात उभं राहून जेसीबीवाल्याला फोन लावला. "ओढ्याकडचं कुंपण राहू दे. नव्या वळी आखूड काढू."

आत्या ओट्यावरून सगळं ऐकत होती. तिने माझा हात धरला.

पुढच्या वर्षी, जाण्याच्या थोडे दिवस आधी, आम्ही तिला गाडीतून बांधावर नेलं. शेवग्यावर नवं घरटं होतं. तारेच्या खांबावर आणखी एक. नाना पुढे होऊन तिला दाखवत होते, "हे बघ, इकडं पण."

परत जाताना ती म्हणाली, मिसळ खायची.

डॉक्टरांनी तिखट बंद केलेलं. नानांनी तरीही गाडी थांबवली. आत्याने अख्खी प्लेट संपवली, वर तर्री मागितली आणि शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबाला स्टेगोडायफस समजावून सांगितला. ते लोक जेवायचे थांबून ऐकत होते.

आत्या, तुला हवं ते तू बघितलंस आणि हवं ते वाचवलंस.

खूप प्रेम. आम्हा सगळ्यांचा तुला नमस्कार.