महाशीर आणि खात्याचा माणूस
राज्यांची पुनर्रचना झाली आणि नागपूरचा मी कारकून भोपाळच्या मत्स्य खात्यात येऊन पडलो. तिथल्या ओढ्यावरचा चौकीदार नेहमी दबक्या आवाजात बोले. मोठ्यानं बोललं की महाशीर मासळी बुजते म्हणे. लोकांनी बांधकामाला उचलून नेल्यामुळे ओढ्यात गोटे उरले नव्हते आणि माशांना अंडी घालायला जागा नव्हती. म्हणून तो नवे गोटे आणून मांडायचा.

विणीच्या दिवसांत मासेमारीला बंदी होती. तरी एका रविवारी मी गळ टाकला आणि भली मोठी महाशीर लागली. चौकीदारानं पाण्यात उतरून अलगद गळ सोडवला.

"पेट से है, बाबूजी," म्हणत त्यानं तिला जाऊ दिलं.

"हम खाते का आदमी है!" मी नागपुरी हिंदीत ओरडलो.

"तो आइए न," तो हळूच म्हणाला, "पत्थर पकड़ाइए."

दुपारपर्यंत मी गुडघाभर पाण्यात होतो. खात्यात लागल्यापासून मी केलेलं ते पहिलंच काम.